तिलाही तोंड आलं

काल रात्री दात घासता घासता धाकटीने आरशासमोर खालचा ओठ ओढून धरला आणि म्हणाली, "आई, बघ, मलापण तुझ्यासारखं तोंड आलंय." रडली नाही, कुरकुरली नाही. मलम कुठे असतं तेही तिला माहीत होतं. स्वतःच जाऊन घेऊन आली. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

फोड अगदी बारीक आहे. दोन-तीन मिलिमीटरचा, मध्ये पिवळट पांढरा, भोवती लाल कड. आठवड्या-दोन आठवड्यांत जाईल, डागही राहणार नाही. हे सगळं मला पाठ आहे. आधी नुसतं चुरचुरतं, जीभ सारखी तिथेच जाते. मग फोड उठतो आणि काही दिवस बोलणं, गिळणं, हसणंसुद्धा नकोसं होतं. हे सगळं तिच्या वाट्याला यावं आणि तेही माझ्याकडून? आई-वडिलांना हा त्रास असला की मुलांना होण्याची शक्यता वाढते, हे मी कधीचं वाचलं होतं. वाचलं तेव्हा ते माझ्याबद्दल होतं. ती मनात आली नव्हती.

माझ्या या दुखण्याला कोणी कधी दुखणं म्हटलंच नाही. ताप नाही, सूज नाही, बाहेरून काहीच दिसत नाही. कोणी म्हणे उष्णता वाढली, कोणी म्हणे पोट साफ नसेल, जागरण कमी कर. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या तर किती घेतल्या. ऐन दुखण्यात सगळ्यांसमोर उभं राहून बोलायची पाळी यायची तेव्हा... जाऊ दे, ते आता नको.

रक्त तपासा असं पहिल्यांदा एका दंतवैद्यांनी सांगितलं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी १२, फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्वच). फेरिटिन कमी निघालं. लोह सुरू झालं, टोकदार झालेली एक दाढ घासून गुळगुळीत करून घेतली, फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट आणली. यातलं नेमकं कशाने झालं कोण जाणे, पण दोन खेपांमधलं अंतर वाढलं. त्रास पूर्ण थांबला मात्र नाही. तो कायमचा घालवणारं औषध नाही, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं. त्या दिवशी मला रडू आलं होतं. खरं तर कोणीतरी खरं बोललं म्हणून बरंही वाटलं होतं.

काल मलमाची ट्यूब मी तिच्या हातातून काढून घेतली. त्यात स्टेरॉइड आहे, ते मला लिहून दिलेलं आहे. तिला कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला लावल्या. मग किती प्रश्न विचारले! पोट दुखतं का? शी करताना रक्त दिसलं का? आणखी कुठे फोड आलाय का? डोळे लाल होतात का? ठरावीक दिवसांनी ताप येऊन घसा दुखतो, असं तिला झालेलं नाही, ते मलाच माहीत आहे. तरी विचारलंच. तोंडातले फोड कधी गव्हातलं ग्लुटेन न सोसणाऱ्या सिलिअ‍ॅकची, आतड्यांना सूज आणणाऱ्या क्रोहनची खूण असतात. कधी रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या बेहचेट रोगाची, ज्याचं वर्णन हुलुसी बेहचेट या तुर्की त्वचारोगतज्ज्ञाने १९३७ मध्ये केलं. एवढं सगळं माझ्या डोक्यात, आणि ती जांभया देत "नाही, नाही" म्हणत होती.

थोरलीने तेवढ्यात हिचा पेला बाजूला सरकवला. त्याचा मात्र मला राग आला. हा फोड एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ओठावर बाहेरून पाण्याने भरलेल्या पुळ्यांचा झुबका येतो तो नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचा, तो लागतो. दोन्ही एक नव्हेत, हे तिला नीट समजावलं. लगेच पेला जागेवर ठेवला तिने.

आज सकाळी जरा शांतपणे विचार केला. हा त्रास बहुतेकदा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, आणि पुढे वय वाढतं तसा पुष्कळांचा कमी होतो. माझ्याकडून तिला फोड गेला असेल तर त्याबद्दल मला जे कळलंय तेही जाऊ दे. दुखतंय म्हणाली तर निदान "एवढ्याने काय होतं" असं या घरात तिला कोणी ऐकवणार नाही. ते मला पुरतं आहे. पूर्ण पुरत नाही. पण पुरतं आहे.

एका फोडासाठी तिला सुई टोचायची नाही, असं ठरवलंय. मऊ ब्रश आणायचा, आणि वहीत तारीख, जागा आणि बरा व्हायला लागलेले दिवस लिहायचे. वरचेवर यायला लागले तर रक्त तपासून घेऊ. तीन आठवडे झाले तरी एखादा भरला नाही, किंवा न दुखणारा, कडा कडक असलेला दिसला, तर वाट न बघता दाखवायचं. हे तिच्यासाठीच नाही, माझ्यासाठीसुद्धा.