आमची वाटचाल : चार फुटी फळी

स्केटबोर्डची फळी लांब करायची अक्कल आपलीच, असं कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमधला एक जण अजून सांगत फिरतो. फिरू दे. "सहज बघतो" म्हणत आमच्याकडे मोजायची टेप घेऊन आला होता तो.

१९७५ साली लाँग बीचला लागूनच्या सिग्नल हिलच्या उतारावर पहिली शर्यत झाली, तेव्हा आमचं वर्कशॉप म्हणजे तेलविहिरींच्या पंपांशेजारची शेड. मी लेथवर, दाजी रंध्यावर. रंधा मिरजेहून आणलेला, बॅगेत कपड्यांखाली. क्लेची चाकं जाऊन युरेथेनची आली, सुटे छरे जाऊन बंद बेअरिंगं आली, आणि वेग फळीला झेपेना. अडीच फुटी फळी ताशी ४० मैलांवर थरथरायची. दाजी म्हणाले, "अरे, आखूड पडतेय. दोन ट्रकांतलं अंतर वाढव." ट्रक म्हणजे फळीखालचे, चाकं धरणारे धातूचे जोड, एक पुढं, एक मागं. वाढवलं. तेवढंच कललं तरी फळी आता कमी वळायची, पोराला सावरायला उसंत मिळायची. पण चार फुटांवर ती मधे झोळ खायला लागली, आणि झोळ आला की ट्रकांचा कोन बिघडतो. मग मेपलचे थर चिकटवून जाडी वाढवली. क्लॅम्प रात्रभर. सकाळी घाईनं सोडलात तर फळी पिळते, सांगून ठेवतो.

टेपवाल्यानं लांबी उचलली, जाडी नाही. १९७७ मध्ये त्याच्या फळीवरून एक पोरगा पडला, मनगट मोडलं. दुकानदारांनी लांब फळ्याच नकोत म्हणून आमच्याही ६० परत पाठवल्या. शेडचं भाडं थकलं. ताईनं बांगड्या पुढे केल्या. त्या दिवशी दाजींनी रंध्याला हात लावला नाही.

पंपांवर काम करणारा एक पोरगा तेवढा येत राहिला. त्यानं ११ फळ्या मित्रांच्या गळ्यात मारल्या, भाडं निघालं.

१९७८ मध्ये तिथंच जॉन हटसननं उभ्यानं ताशी ५३.४५ मैल गाठले. फळी आमची नव्हती. तरी दाजी गर्दीतून तिची लांबी डोळ्यांनीच मोजत होते. ती शेवटची शर्यत. पुढं वीस वर्षं किचन कॅबिनेटं केली.

थरथर आली की पोरं दोन्ही ट्रकांचे नट आवळत सुटतात. नका आवळू, फळी वळायचीच थांबते. मागचं बुशिंग, म्हणजे ट्रकातला रबरासारखा गट्टू, पुढच्यापेक्षा कडक घ्या, वजन पुढच्या पायावर टाका.

पंपावरचा तो पोरगा आता निवृत्त झालाय. अजून १९७६ ची फळी घेऊन बुशिंग बदलायला येतो, आणि पाकीट काढता काढता विचारतो, "टेपवाला आला होता का?"