एक काना

ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आली होती आणि दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या उजव्या हाताला कात्री धरवत नव्हती. पेन धरता यायचं, मोटारसायकल चालवता यायची. कात्री हातात आली की बोटं आखडायची. एमआरआय झाला, नसांची तपासणी झाली, सगळं नॉर्मल. मी मनोविश्लेषक. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी त्यांना माझ्याकडे, नाशिकला गंगापूर रोडला पाठवलं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.)

पहिल्या चार भेटींत द्राक्षांशिवाय विषय निघाला नाही. पेठ-सुरगाण्याहून मजुरांची टोळी कधी येणार, थॉमसन जातीच्या द्राक्षांना भाव काय मिळेल. मी ऐकत राहिले. मनात येईल ते, निवडानिवड न करता बोला, एवढाच मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडचा नियम, आणि माणसाला नेमका तोच जड जातो. पाचव्या वेळी म्हटलं, कात्री घेऊन या.

रुमालात गुंडाळून आणली. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बसवलेली, अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली.

"आबांनी गुंडाळलीय. तो त्यांचा अंगठा आहे."

आबा म्हणजे त्यांचे वडील. मग त्यांच्या आजारपणावर आले. अर्धांगवायू. अडीच वर्षं अंथरुणावर, कूस बदलायलाही माणूस लागायचा.

"फार हाल झाले, मॅडम. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सुटलो."

त्यांना 'सुटले' म्हणायचं होतं. असा माणूस गेला की आपल्याकडे सगळेच म्हणतात, सुटले बिचारे. एका कान्याने सुटणारा माणूस बदलला.

अशा चुकांवर फ्रॉइडने 1901 मध्ये लिहिलं. सभा सुरू करायला उभा राहिलेला ऑस्ट्रियाच्या कनिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष 'सभा संपली' म्हणून मोकळा झाला, हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. दाबून ठेवलेली इच्छा फट मिळेल तिथून बाहेर येते, असं त्याचं म्हणणं. मी प्रत्येक चुकीमागे धावत नाही. दमलेली जीभही अडखळते. पण इथे त्यांनी स्वतःच ऐकलं होतं. चेहरा उतरला. "तसं नव्हतं म्हणायचं मला," एवढं बोलून मान खाली घातली.

माझ्या ओठांवर सगळा उलगडा तयार होता. तो मी गिळला. आपण सांगितलेला अर्थ समोरचा माणूस मान डोलावून घरी नेतो आणि तिथे त्याचं काहीच होत नाही, हे मी पूर्वी एकदा घाई करून शिकले आहे. दोनेक मिनिटं खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

"सातपूरला कंपनीत नोकरी लागली होती. आबांनी जाऊ दिलं नाही. बाग कोण बघणार म्हणाले. अडीच वर्षं मी त्यांचं सगळं अंगावर केलं, मॅडम. आणि रोज रात्री वाटायचं..."

वाक्य पुरं केलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्यांचाही उजवाच हात गेला होता."

हे मी विचारलेलं नव्हतं.

कलकत्त्यात 1922 मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू करणारे गिरींद्रशेखर बोस फ्रॉइडशी पत्रव्यवहार करायचे. प्रत्येक इच्छेच्या पोटात तिची उलटी इच्छा दबलेली असते, हा त्यांचा सिद्धांत. त्या दुपारी मला फ्रॉइडपेक्षा बोस जवळचे वाटले. या माणसाला आबा जायला हवे होते, आणि आबा त्याच बागेत कात्री घेऊन उभे असायलाही हवे होते. दोन्ही खरं. नुसत्या दडलेल्या रागापाशी थांबले असते, तर त्यांचं अर्धं दुःख माझ्या हातून सुटलं असतं.

ते गेल्यावर पाहिलं, कात्री टेबलावरच राहिली होती. फोन केला.

"राहू द्या तुमच्याकडे," ते म्हणाले. "मंगळवारी येतोच आहे."

मंगळवारी त्यांच्या बागेत टोळी लागणार होती. तरी ते आले. कात्री तशीच रुमालात, माझ्या ड्रॉवरमध्ये होती. त्यांनी मागितली नाही, मीही काढली नाही. त्या दिवशी ते पहिल्यांदा सातपूरच्या नोकरीबद्दल सविस्तर बोलले.