काडेपेट्यांचे कपाट

पुण्याहून अमेरिकेतल्या डेटनला आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा दिवाणखान्यातले काचेचे कपाट पाहतो आणि विचारतो की, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विमानातल्या काडेपेट्या, कागदी रुमाल आणि पत्त्यांचे जोड तू कशासाठी जमवतोस? "दुसऱ्यांचे उष्टे कशाला सांभाळायचे?" असे मामांनी म्हटले तेव्हा मी हसून वेळ मारून नेली, पण शब्द लागला. परवा तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदाचे लिहितो.

इतकी वर्षे मी "इतिहास" असे उत्तर देत आलो. पण निव्वळ इतिहासच हवा असता, तर इथले हवाई दलाचे संग्रहालय माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे आणि तिथे तिकीटही लागत नाही. केनेडींच्या काळात, १९६२ साली, सेवेत आलेले राष्ट्राध्यक्षांचे २६००० क्रमांकाचे बोइंग विमान तिथेच उभे आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाल्यावर त्याच विमानात उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. केनेडींची शवपेटी आत घेता यावी म्हणून मागच्या खुर्च्या काढून आतली एक भिंत कापावी लागली होती. त्या विमानातल्या अरुंद वाटेने चालताना मला काडेपेटी आठवत नाही.

हा चोरीचा माल नव्हे, हेही मी तावातावाने सांगत असे. सिगारेटची पाकिटे आणि काडेपेट्या प्रवाशांनी न्याव्यात म्हणूनच ठेवलेल्या असत. १९८८ मध्ये सिगारेटी बंद होऊन त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्षांची मुद्रा छापलेल्या डब्यांतून एम अँड एम्सच्या चॉकलेटच्या गोळ्या आल्या. मात्र उश्यांचे अभ्रे आणि ग्लास कोणी भेट देत नव्हते, आणि ते उचलू नका, अशी समज विमानातून सोबत जाणाऱ्या वार्ताहरांना त्यांच्याच संघटनेने २०२४ मध्ये दिली. माझ्या कपाटात एक ग्लास आहे. विकणाऱ्याला मी काही विचारले नव्हते.

खरे सांगायचे ते वेगळेच आहे. काही वर्षांपूर्वी, ऑगस्टातल्या एका शनिवारी, एका वृद्ध बाईंनी अंगणात जुने सामान विकायला मांडले होते. इस्त्री, बरण्या, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पुस्तकासारख्या मिटणाऱ्या पुठ्ठ्याच्या अकरा काडेपेट्या. मी एक उचलली. काडी ओढायची पट्टी दर्शनी बाजूला होती. १९७०च्या दशकात ती सुरक्षिततेसाठी मागे नेण्यात आली, म्हणजे पेटी त्याआधीची. मुद्रेतल्या गरुडाभोवतीचे तारे मोजले, ते पन्नास भरले, म्हणजे १९६० च्या अलीकडची. बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचे यजमान हवाई दलात होते, स्वतः कधी सिगारेट ओढत नसत, तरी ड्यूटीवरून परतताना एखादी काडेपेटी घेऊन येत, असे त्या म्हणाल्या. डब्यासकट पाच डॉलर. मी दहाची नोट दिली, त्यांनी पर्समध्ये बराच वेळ शोधून पाच परत केले, आणि ते मी घेतले.

लिलावात एकेका पेटीला काय येते, हे मला ठाऊक होते. विकणाऱ्याने किंमत सांगितली, घेणाऱ्याने दिली, यात फसवणूक कुठली, असे मी स्वतःला तीन आठवडे बजावत राहिलो. आजही तो युक्तिवाद मला पूर्णपणे खोडता येत नाही. तरीही पाकिटात दोनशे डॉलर घालून मी परत गेलो. बाईंना आश्चर्य वाटल्याचे दिसले नाही. त्यांनी पैसे ठेवून घेतले, आणि त्यांतली एक काडेपेटी परत मिळेल का, असे विचारले.

डबा गाडीतच होता. मी गाडीपाशी गेलो, अकराही पेट्या सीटवर मांडल्या आणि कोपरा मुडपलेली, पट्टी घासून पांढरी पडलेली एक निवडून त्यांना नेऊन दिली.