तात्पुरत्या नकाराचे ते महिने: माद्रिद मार्गाने ट्रेडमार्क नोंदवण्याचा माझा अनुभव

आमच्या घरगुती मसाल्यांचा ट्रेडमार्क परदेशांत नोंदवण्यासाठी आम्ही माद्रिद प्रोटोकॉलचा, म्हणजे एकाच अर्जावर अनेक देशांत नोंदणी मागता येणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा मार्ग निवडला. भारत ८ जुलै २०१३ पासून या व्यवस्थेत आहे. एमएम२ हा अर्ज आपल्याकडील ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयामार्फत जिनिव्हाला, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे म्हणजे वायपोकडे जातो. तिथपर्यंत सारे सुरळीत पार पडले आणि आंतरराष्ट्रीय नोंदणीचे प्रमाणपत्रही मिळाले.

मात्र त्या प्रमाणपत्राने कोणत्याही देशात आपोआप संरक्षण मिळत नाही. वायपो केवळ औपचारिक बाबी तपासते. चिन्ह स्वीकारायचे की नाही हे प्रत्येक देश स्वतःच्या कायद्यानुसार ठरवतो, आणि त्यासाठी त्याला बारा महिने, किंवा भारताप्रमाणे जास्त मुदतीची घोषणा केलेली असल्यास अठरा महिने मिळतात. आम्ही निवडलेल्या एका देशाने ही मुदत संपत आली असताना तात्पुरता नकार कळवला. चिन्हाविषयी त्यांची काहीच तक्रार नव्हती. ३० व्या वर्गातील, म्हणजे ट्रेडमार्कसाठी मसाले ज्या गटात मोडतात त्यातील, आमच्या मालाच्या यादीतला एक शब्दप्रयोग, जो भारतात निर्वेध मान्य झाला होता आणि जिनिव्हातही कोणी अडवला नव्हता, तो त्यांना संदिग्ध वाटला.

माझा खरा संताप इथून सुरू झाला. उत्तर वायपोकडे पाठवून चालत नाही. ते त्या देशाच्या कार्यालयात, त्यांच्या भाषेत, त्यांनी दिलेल्या मुदतीत आणि आमच्या बाबतीत तिथल्याच वकिलामार्फत द्यावे लागले. एकाच अर्जात काम होते म्हणून हा मार्ग घ्यावा आणि शेवटी परदेशी वकील शोधत बसावे, हे मला आजही अन्यायाचे वाटते. वकिलाने यादीतील मोघम शब्द काढून मालाची नावे नेमकी लिहिली. यादी अशी आकुंचित करता येते, तिच्यात नवा माल घालता येत नाही. त्यानंतर बराच काळ कोणतीही हालचाल दिसली नाही, आणि विचारणा केली की ‘प्रकरण विचाराधीन आहे’ एवढेच कळे. अखेर संरक्षण मंजूर झाल्याचे निवेदन आले, तेव्हा मला मनापासून हायसे वाटले.

म्हणून देश निवडतानाच तिथले कार्यालय मालाची कोणती वर्णने स्वीकारते, हे पाहून घ्यावे आणि वकिलाचा खर्च आधीच धरावा. वायपोचे मूळ शुल्क ६५३ स्विस फ्रँक, रंगीत चिन्हासाठी ९०३, आणि देशांचे शुल्क वेगळे. नकार आला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. शक्य असेल तर भारतातील नोंदणी पूर्ण झाल्यावरच पुढे जावे, कारण पहिली पाच वर्षे आंतरराष्ट्रीय नोंदणी मूळ भारतीय अर्जावर किंवा नोंदणीवर अवलंबून असते आणि तो मूळ अर्ज किंवा नोंदणी रद्द झाल्यास परदेशांतील संरक्षणही जाते. आणखी एक: नोंदणी प्रसिद्ध होताच वायपोच्या बिलांसारखी दिसणारी खासगी कंपन्यांची बिले येऊ लागतात, ती भरण्यापूर्वी वायपोच्या संकेतस्थळावरील इशारे अवश्य वाचावेत.