पाइनची उंची: बारावी मोजणी, सात नंबर ५८४ सेंमी

धनत्रयोदशीला लोक सोनं घेतात, आम्ही मोजकाठी घेऊन मागच्या उतारावर जातो. मॅसॅच्युसेट्सच्या मध्यभागात, घरामागे २०१४च्या एप्रिलमध्ये लावलेल्या ईस्टर्न व्हाइट पाइनची ही बारावी मोजणी. चोवीस रोपं लावली होती, सतरा उरली. त्यातली बारा सरळसोट वाढली. पाचांनी वेगळा त्रास दिला, तो पुढे सांगतो.

झाडांना नंबर दिलेत, त्यातला सात नंबर यंदा ५८४ सेंमी भरला. गेल्या दिवाळीला ५१२ होता, म्हणजे वाढ ७२. गेल्या वर्षी वहीत मी ‘पुढची वाढ ७०च्या आसपास’ असं लिहून ठेवलं होतं. हा काही चमत्कार नाही. पण असा अंदाज बांधता येतो हे कळायला मला दहा मोजण्या लागल्या, म्हणून जरा लांबण लावतो.

सात नंबरची दिवाळीतली उंची, २०१४पासून ओळीने, सेंमीत: २७, ३६, ५३, ८०, १२२, १७७, २४५, ३०३, ३८५, ४३४, ५१२, ५८४.

पहिली तीन वर्षं झाड मुळं धरण्यातच घालवतं. त्या काळात शेजारी विचारायचा, मेली का रे ती? आईने व्हिडिओ कॉलवर पाहून ‘हे तर आपलं सुरू’ असा निकाल दिला. सुरू म्हणजे पाइन नव्हे, सुरूच्या ‘सुया’ या खरं तर बारीक सांध्यांच्या काड्या असतात, हे मी तिला समजावलं. व्हाइट पाइनच्या एका झुबक्यात पाच सुया असतात म्हटल्यावर ती म्हणाली, ‘मग पाच पांडव म्हण ना!’ तेव्हापासून आमच्याकडे झाड ओळखायची हीच खूण.

आता मुद्द्यावर येतो. २०२२चा उन्हाळा इथे कोरडा गेला. हिरवळ पिवळी पडली, पायाखाली कुरकुर वाजायला लागली. आणि त्या वर्षी सात नंबर ८२ सेंमी वाढला, आजवरची सगळ्यात मोठी उडी. २०२३च्या जुलैमध्ये मात्र कोकणासारखा पाऊस. मी शंभरीची स्वप्नं बघत होतो. दिवाळीला मोजलं तर वाढ ४९. पहिला संशय सरकत्या काठीवर घेतला, मधलं एखादं नळकांडं नीट अडकलं नसेल म्हणून. पुन्हा मोजलं, पुन्हा ४९. सरळ वाढलेल्या बारांपैकी अकरा झाडांची वाढ आदल्या वर्षीपेक्षा कमी भरली.

उत्तर माझ्याच जुन्या वहीत होतं. २०१८मध्ये झाड कमरेएवढं असताना मी हौसेने दर रविवारी शेंड्यातून निघणारा नवा कोंब मोजला होता. मेणबत्तीसारखा सरळ उभा असतो तो, इथले लोक त्याला कँडलच म्हणतात. ६ मेला तो १ सेंमी होता. मग दर रविवारी ३, ८, १५, २४, ३२, ३७, ४०. एक जुलैला ४२, आणि आठ जुलैलाही ४२. खेळ खलास. २७ मे ते ३ जून या एका आठवड्यात ९ सेंमी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये शून्य. म्हणजे ज्या जुलैच्या पावसावर मी आशा लावून बसलो होतो, तो सुरू व्हायच्या आत त्या वर्षीची उंची ठरून गेलेली असते.

मग पावसाळी उन्हाळ्यात झाड करतं काय? सुया पोसतं, जाडी वाढवतं आणि शेंड्याचा डोळा भरतं. पुढच्या वर्षीचा कोंब त्या डोळ्यात घडी घालून ठेवलेला असतो. त्यावर सुयांचे किती झुबके येणार हे बहुतेक तिथेच ठरतं. मे महिन्यात तो फक्त उलगडतो. आता वरचे आकडे पुन्हा बघा. २०२०चा उन्हाळा कोरडा, तर २०२१ची वाढ ६८वरून ५८वर आली. २०२१चा जुलै चिंब, तर २०२२ला ८२. २०२२ कोरडा, २०२३ला ४९. २०२३ ओला, २०२४ला ७८. झाडाची वही एक वर्ष मागे चालते.

खरी परीक्षा यंदा होती. २०२४ची पानगळ इथे इतकी सुकी गेली की नोव्हेंबरमध्ये जागोजाग वणवे लागले. पण तोवर डोळे भरून झाले होते, म्हणून मी ७० लिहिलं. बारा झाडं म्हणजे काही शास्त्रीय पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. शिवाय ओल्या वसंताच्या पुढच्या वर्षी जूनमध्ये जुन्या सुया पिवळ्या पडून गळण्याचा बुरशीचा आजार या भागात आहे, तोही वाढ खातो. पण ‘यंदा पाऊस चांगला, मग वाढ का नाही’ असं विचारणाऱ्याला मी आता आधी गेल्या वर्षीचा पाऊस विचारतो.

मोजायच्या पद्धतीबद्दल. दोन मीटरपर्यंत साधी पट्टी पुरते. त्यानंतर मी साडेसात मीटरची सरकती काठी वापरतो. मी बुंध्याशी काठी धरतो आणि मुलगी दहा पावलं लांबून टोक जुळवते, कारण खालून बघणाऱ्याला टोक नेहमी शेंड्याच्या वर गेल्यासारखं वाटतं. ‘बाबा, वर बघू नकोस, वर बघितलंस की काठी हलते,’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. बुंध्याशी एक खुंटी ठोकली आहे, काठी त्याच खुंटीवर टेकवायची. खाली सुयांचा थर साचतो आणि दोन-चार सेंमी असेच चोरीला जातात.

कोनमापक एवढ्यात नको. पंधरा मीटरवरून २५ अंशांचा कोन वाचताना एका अंशाची चूक झाली, तर उंचीत ३२ सेंमींचा फरक पडतो. म्हणजे जवळपास निम्म्या वर्षाची वाढ गायब. शिवाय शेंडा तुमच्याकडे झुकलेला असेल तर झाड आहे त्यापेक्षा उंच दिसतं. याच राज्यातल्या मोहॉक ट्रेल जंगलातले पन्नास मीटरांवरचे पाइन मोजणारे रॉबर्ट लेव्हरेट म्हणूनच टॅनऐवजी साइनचा आग्रह धरतात: लेसरने थेट शेंड्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि कोनाच्या साइनने गुणायचं, बुंध्याचंही तसंच. हातातल्या नुसत्या काठीने बांबूचं मूळ आणि टोक बघून उंची काढायची युक्ती भास्कराचार्यांनी सांगितली आहे, तिला त्यांनी नाव दिलं धीयंत्र, बुद्धीचं यंत्र. माझी काठी त्या मानाने अगदीच अडाणी.

व्हाइट पाइनची आणखी एक सोय म्हणजे दर वर्षी फांद्यांचं एकच कडं येतं. मी त्याला मजला म्हणतो. एखादं वर्ष मोजायचं राहिलं तर दोन मजल्यांमधलं अंतर मोजा, हिशेब परत मिळतो. छातीच्या उंचीच्या, म्हणजे १.३७ मीटरच्या वरचे पाच मजले मोजून जमीन कशी आहे याचाही अंदाज घेतात. सात नंबरचे ते ३३५ सेंमी भरले. नॉर्थ कॅरोलिनात लॉबलॉली पाइन लावणाऱ्यांनी मात्र हे करू नये, ते झाड एका वर्षात अनेकदा फुटतं आणि मजले फसवतात.

आता ती पाच झाडं. २०२१च्या जूनअखेर अकरा नंबरचा शेंडा छत्रीच्या मुठीसारखा वाकला. साल सोलली तर आत पांढऱ्या अळ्या. व्हाइट पाइन वीव्हिल नावाचा भुंगा वसंतात आदल्या वर्षीच्या शेंड्यावर अंडी घालतो आणि अळ्या सालीखालून खाली खात येतात. नवे भुंगे बाहेर पडायच्या आत खालच्या निरोगी लाकडापर्यंत शेंडा कापून जाळला, एक फांदी बांबूला बांधून उभी केली. त्या वर्षीची नोंद: २५१वरून १९६, वाढ उणे ५५. आलेखात तो खड्डा भयंकर दिसतो, पण मी पुसला नाही. जमिनीची प्रत काढायची असेल तर अशी झाडं वगळणं बरोबर आहे. पण ‘माझी लावणी किती वाढली’ असं विचारलं तर उणे आकडे धरलेच पाहिजेत, नाहीतर ती फुशारकी होते.

उन्हातल्या उघड्या झाडांवर हा भुंगा जास्त येतो. माझी पाचही झाडं उताराच्या उघड्या टोकाची आहेत. पुन्हा लावायची वेळ आली तर तिथे आधी थोडी सावली करीन.

शनिवारी वारा सुटला, म्हणून तेरा ते सतरा नंबर राहिलेत. शेंडे हलत असताना मोजण्यात अर्थ नाही. फराळ आटोपला की पुढच्या रविवारी ते घेतो. २०२६साठी सात नंबरच्या रकान्यात पेन्सिलीने ६५ लिहिलंय.