सुखुमवितच्या गल्लीतलं हॉटेल: बँकॉकमध्ये आई-बाबांसोबत राहताना

बँकॉकमध्ये मध्यम दराचं हॉटेल शोधताना तारे आणि फोटो बघण्याआधी नकाशा उघडावा. रात्रीला २,००० ते ३,००० बाट, म्हणजे साधारण साडेपाच ते साडेआठ हजार रुपये मोजले की स्वच्छ खोली, बऱ्यापैकी नाश्ता आणि बहुतेक ठिकाणी गच्चीवर पोहायचा छोटा तलाव मिळतोच. या दरातल्या हॉटेलांत खोलीच्या दर्जाचा फरक थोडा असतो. खरा फरक पडतो तो हॉटेल मेट्रो स्टेशनपासून किती आत आहे त्यानं. आई-बाबा बरोबर असले की तो दिवसातून चार वेळा जाणवतो.

सुखुमवित हा लांबलचक रस्ता आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी गल्ल्या फुटतात. गल्लीला तिथे सोई म्हणतात. एका बाजूला विषम क्रमांक, दुसऱ्या बाजूला सम. समोरासमोरचे क्रमांक मात्र जुळत नाहीत: सोई ५५च्या समोर सोई ३८ येते. त्यामुळे क्रमांकावरून अंदाज बांधू नये. शिवाय काही सोई किलोमीटरभर आत जातात. जाहिरातीत 'स्टेशनजवळ' लिहिलेलं असतं ते सोईच्या तोंडापर्यंतचं अंतर असू शकतं, पुढचं चालणं वेगळं. फुटपाथ अरुंद, मधेच विजेचा खांब, मधेच खाण्याची गाडी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात काही सोईंमध्ये घोट्यापर्यंत पाणी. आत असलेली काही हॉटेलं स्टेशनपर्यंत फुकट टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, सोडतात. ती किती वाजेपर्यंत चालते हे बुकिंगआधी विचारून घ्या, कारण गरज रात्रीच जास्त लागते.

आम्ही असोक स्टेशनजवळ राहिलो आणि तोच भाग सुचवेन. इथे वरून जाणारी बीटीएस आणि जमिनीखालची एमआरटी या दोन मेट्रो एकमेकींना जोडलेल्या आहेत. एमआरटीच्या निळ्या मार्गावर इथल्याच सुखुमवित स्टेशनला बसलं की गाडी न बदलता वाट मंगकॉनला उतरून चायनाटाउन, साम योतला उतरून भारतीय वस्तीचा फाहुरात भाग आणि सनाम चायला उतरून वाट फो देवळातला निजलेला बुद्ध, सगळं होतं. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे टॅक्सीत अडकून बसण्यापेक्षा त्यांना ही गाडी आवडली. सगळे जिने सरकते नसतात, म्हणून लिफ्ट कोणत्या दारापाशी आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. एमआरटीच्या फाटकावर कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवलं तरी चालतं.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. सोई ४चा नानाचा भाग आणि असोकजवळची सोई काउबॉय ही उघड देहविक्रयाच्या बारची ठिकाणं आहेत. कुटुंबासोबत त्यांच्या तोंडाशी हॉटेल घेऊ नका. सोई ११ त्या अर्थानं तशी नाही, पण क्लब रात्री उशिरापर्यंत वाजत असतात. तिथे राहायचं झालं तर मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची खोली मागा.

दर बघताना रकमेपुढे अधिकची दोन चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सेवा शुल्क आणि मग एकूण रकमेवर ७ टक्के व्हॅट लागतो. २,५०० बाटची खोली प्रत्यक्षात २,९४२ बाटला पडते. दोन संकेतस्थळांवरचे दर ताडताना हे आधी तपासा, स्वस्त वाटणारं हॉटेल बरेचदा इथेच महाग होतं.

मुंबईहून रात्रीचं विमान घेतलं की बँकॉकला पहाटे उतरतो. घड्याळ दीड तास पुढे. खोली मात्र दुपारी दोन-तीनला मिळते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन लॉबीत आठ तास काढणं शक्य नाही. आम्ही आधीच हॉटेलला लिहून लवकर खोली मिळेल का विचारलं होतं. सामान लगेच ठेवून घेतलं आणि एक खोली सकाळीच दिली. अशी हमी मिळत नसेल तर आदल्या रात्रीपासून बुकिंग करावं. पैसे जास्त जातात, पण पहिला दिवस वाचतो.

काउंटरवर प्रत्येकाचा पासपोर्ट मागतात आणि त्याची प्रत काढतात. परदेशी पाहुण्यांची नोंद चोवीस तासांत इमिग्रेशनकडे कळवणं हॉटेलवर बंधनकारक आहे, त्यामुळे बिचकू नका. सोबत डिपॉझिट मागतात, बहुधा १,००० ते २,००० बाट. ते रोख द्या आणि पावती घ्या. कार्डावर रक्कम अडकवली तर ती सुटायला परत आल्यावरही दिवस जातात, डेबिट कार्ड असेल तर जास्तच. पावतीवरच्या तारखेत वर्ष ५४३नं पुढचं दिसलं तर घाबरू नका: थायलंडमध्ये बुद्ध संवत चालतो, २०२५ म्हणजे त्यांचं २५६८.

खोलीत आपल्या माणसांना बरं वाटेल असं पुष्कळ आहे. बाथरूममध्ये जेट स्प्रे असतो. प्लगच्या भोकात आपली दोन पिनांची चार्जरं बसतात. तीन जाड गोल पिनांचं काही नेत असाल तर ॲडॉप्टर लागेल. रोज दोन बाटल्या पाणी फुकट, नळाचं पिऊ नका. किटली असते, दूध खाली सेव्हन-इलेव्हनमध्ये मिळतं, चहा पावडर घरून न्या. आईचा सकाळचा चहा सुटला नाही, आणि त्यामुळे दिवस चांगले गेले असं मी मनापासून म्हणेन. लिफ्टजवळ ड्युरियन या फळाच्या चित्रावर लाल फुली होती, शेजारी मँगोस्टीन या फळावरही. ड्युरियनला वास आणि मँगोस्टीनच्या सालीचा डाग चादरीवरून जात नाही, म्हणून दंड. मँगोस्टीन बाहेरच बाकावर बसून खाल्लं, चव अप्रतिम. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, कुणी बॅगेत नेत असेल तर घरीच ठेवायला सांगा.

नाश्त्यात शाकाहारी माणसानं सावध राहावं. परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, असू शकतो, भाताच्या पेजेत डुकराच्या मांसाचा रस्सा. आम्ही आदल्या रात्री काउंटरवर सांगून ठेवलं, तर सकाळी आचाऱ्यानं आईसाठी भाजी वेगळी परतून दिली. बाहेर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'เจ' दिसलं की तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं, कांदा-लसूणही नाही. कंदमुळं मात्र असू शकतात, हे जैन मंडळींनी लक्षात घ्यावं. असोकच्या टर्मिनल २१ मॉलमधल्या फूड कोर्टमध्ये आधी कार्डात पैसे भरायचे आणि उरलेले परत घ्यायचे. जेवण स्वस्त आणि ताजं. आपल्या चवीसाठी फाहुरात गाठा. तिथल्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो आणि आसपास भारतीय खानावळी.

हॉटेलच्या दारात खांबावर एक छोटंसं देऊळ होतं, त्या जागेच्या रक्षक देवतेचं. रोज सकाळी एक कर्मचारी तिथे झेंडूची माळ घालायची आणि लाल फँटाची बाटली झाकण काढून, आत स्ट्रॉ घालून ठेवायची. मग उदबत्ती, आणि हात जोडून क्षणभर उभी. आईनं पहिल्याच दिवशी चप्पल काढून नमस्कार केला, तर ती मुलगी इतकी खुलली की नंतर रोज आईसाठी दार तीच उघडायची. फोटो काढायला हरकत नाही, पण त्यावर टेकून किंवा वस्तू हलवून काढू नका.

सकाळी चालायचं असेल तर बेंजाकिती उद्यान असोकपासून जवळ आहे. जुन्या तंबाखू कारखान्याच्या जागेवर तिथे पाणथळ वन उभं केलंय. वरून जाणारी उन्नत वाट सपाट आहे, बाबा तिथे विनासायास फिरले. सातच्या आत जा, नंतर ऊन सोसवत नाही.

निघण्याच्या दिवशी डिपॉझिट परत मिळण्याआधी कुणीतरी वर जाऊन खोली तपासून येतं. पहाटेचं विमान असेल तर पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवा. तिकिटावर विमानतळ कोणता ते पुन्हा वाचा. सुवर्णभूमीसाठी असोकहून एमआरटीनं फेचाबुरीला उतरून मक्कासानला एअरपोर्ट रेल लिंक मिळते. डॉन मुआंग असेल तर एमआरटीनं बांग सूला जाऊन लाल मार्गाची गाडी धरायची. सामान जास्त असेल तर मीटरची टॅक्सी बरी, टोल आपणच द्यायचा, म्हणून सुटे बाट वेगळे काढून ठेवा. आणि येताना थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड विमानाआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरा. ते फुकट आहे, पैसे मागणारं पान उघडलं तर बंद करा.