मुकादमाने पास केलेली टाइल

टूर मॅनेजरच्या नोकरीत तुर्कस्तानातलं कोन्या म्हणजे दोन तासांचा थांबा. सूफी कवी मौलाना रूमींची कबर, जेवण, की बस कापादोकियाकडे. पण त्या दिवशी कबरीपाशी एवढी रांग होती की गर्दी ओसरेपर्यंत मी सगळ्यांना कराताय मदरशात नेलं. खरं सांगायचं तर मला सावली हवी होती.

१२५१ सालच्या या मदरशात आता टाइल्सचं म्युझियम आहे. निळ्या-काळ्या घुमटाखाली सगळे माना वर करून उभे. ग्रुपमधल्या एका काकांनी मुंबईत जन्मभर लादीकाम केलेलं. म्हणाले, "हे तुकडा तुकडा कापून बसवलंय हो!"

काका खरे अडले ते कुबादाबादच्या टाइल्सपाशी. सुलतान अलाउद्दीन कैकुबादाने १२३० च्या दशकात बेयशेहिर तळ्याकाठी बांधलेला हा राजवाडा. पुढे तो असा विसरला गेला की जागा सापडली थेट १९४९ मध्ये. वीतभर रुंदीचे आठ कोनांचे तारे आणि चार ताऱ्यांच्या मधे एक फुली. काका हवेत बोटाने सांधे काढत होते. "तारा एक सूत मोठा झाला तर फुली बसणारच नाही. आम्ही तरी फरक सांध्यात ढकलतो, वर व्हाइट सिमेंट."

ताऱ्यांवर मोर, मासे, बाईचं तोंड असलेला पक्षी, मांडी घालून बसलेली माणसं. "यांच्यात चित्रं चालतात?" एका काकूंनी विचारलं. मशीद-मदरशात सहसा नाही, पण राजवाड्यात चालायची. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अहो, हा तर आपल्या किल्ल्यांवरचा गंडभेरुंड!" दोन डोक्यांचा गरुड होता तो, छातीवर 'अस्-सुलतान' लिहिलेला. दिसायला भाऊच, पण नातं जोडायची घाई नको, असं म्हणून मी सुटलो.

काका मात्र एका माशासमोरून हलेनात. चित्र आधी काढायचं, वर काचेचा लेप द्यायचा, मग भट्टी. या माशाची काळी रेघ लेपाखाली ओघळली होती. काका भलतेच खूश. "भट्टीत बिघडली, तरी भिंतीवर चढली बघा! मुकादमाने पास केली."

मुकादमाचं नाव मला ठाऊक होतं. वाड्याचा आराखडा सुलतानाने स्वतः काढला आणि काम सोपवलं सादेद्दीन कोपेक या अमिराकडे, असं इब्न बीबी या त्या काळच्या बखरकाराने लिहून ठेवलंय. पुढच्या सुलतानाने कोपेकला ठार करवलं, हेही मी सांगून टाकलं.

काका गंभीर झाले. "टाइलवरून?"